एकट्याने पाण्यात

बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडण्यासाठी छातीत हवा लागते, आणि ज्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येऊन पुन्हा खाली जाते त्याला तेवढ्या वेळात जेमतेम श्वास आत घेता येतो. हात उंच करून हलवणेही त्याला जमत नाही. शरीर आपोआप दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबू लागते. ही झुंज बहुधा २० ते ६० सेकंद चालते. मग माणूस पाण्याखाली जातो, आणि मेंदूला प्राणवायू मिळणे थांबल्यापासून चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. अपघात घडल्याचे कोणाच्या तरी लक्षात येणे, त्याने पाण्यापर्यंत पोहोचणे, बुडणाऱ्याला बाहेर काढणे आणि त्याला श्वास देऊ लागणे, हे सगळे एवढ्याच वेळात व्हावे लागते. ते शेजारी किंवा काठावर कोणी असेल तरच होते.

पोहणे, सूर मारणे, बुडी मारणे किंवा वल्हवणे यांतले बरेचसे अपघात मुळात किरकोळ कारणाने सुरू होतात. पायात पेटका येतो, नाकातोंडात पाणी जाते, वल्हे हातातून सुटते, होडी उलटते. सोबत कोणी असले तर काही क्षणांची घाबरगुंडी होते आणि माणूस काठावर येऊन बसतो. एकटा असला तर तेच कारण त्याचा जीव घेते. पाण्याची खोली, लाटा, प्रवाह या सगळ्यांचा धोका वेगवेगळा मोजता येतो, पण एकटेपणा त्या प्रत्येक धोक्याला अनेक पटींनी वाढवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतली बहुसंख्य गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. भारतात हा आकडा वर्षाला ३० हजारांच्या वर आहे. समुद्रावरच्या दुर्घटनेची बातमी मोठी होते, पण बुडणाऱ्यांतले पुष्कळ जण समुद्र कधीही न पाहिलेले असतात. नांदेड आणि लातूर हे जिल्हे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. पाण्यात एकट्याने उतरण्याचे धोके समजून घ्यायला तरीही सुरुवात इथूनच करावी लागते, कारण इथल्या माणसाची पाण्याशी पहिली ओळख विहिरीत, नदीत किंवा शेततळ्यात होते, आणि तीच सवय घेऊन तो पुढे तारकर्लीच्या किनाऱ्यावर जातो.

विहीर, नदी, शेततळे

मराठवाड्यात पोहणे शिकवण्याची जुनी रीत विहिरीवरची. मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या काकाच्या किंवा मामाच्या हातात. मूल दमले की दोर ओढला जाई. या रीतीत शिक्षक प्रशिक्षित नसे, पण शिकणारा कधी एकटा नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका विहिरीवर दहा-पंधरा मुले आणि दोन-तीन जाणती माणसे असत. पुढे भूजल खोल गेले आणि विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पोहायला शिकण्याइतके पाणी फारच थोड्या विहिरींत असणार. पोहता न येणारी मुले वाढली आणि सोबत देणारी जाणती माणसे काठावरून गेली, हे नुकसान दुष्काळाच्या कुठल्याच हिशेबात धरले जात नाही.

विहिरीची खोली गावात परसात सांगतात. हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परस. काळ्या खडकात खोदलेल्या मोठ्या विहिरीत पोहणाऱ्याला खरा धोका बाहेर येण्याचा असतो. जुन्या बांधीव विहिरींना पायऱ्या असत. नव्या विहिरींत बहुतेकदा मोटारीचा पाइप, विजेची वायर आणि एखादा दोर एवढेच असते. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेल्या विहिरीतून सहज वर येणारा माणूस फेब्रुवारीत, पाणी दोन परस खाली गेल्यावर, गुळगुळीत कड्याला धरायला काही न सापडून दमून बुडू शकतो. मोटार चालू असेल आणि वायरचे आवरण फाटलेले असेल तर पाण्यात वीज उतरते. उडी मारण्यापूर्वी वर कसे यायचे हे ठरलेले असावे आणि मोटार बंद असावी.

शेततळ्यात हीच अडचण आणखी वाढते. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी शिवाराशिवारांत दिसू लागली. पाणी मुरू नये म्हणून अंथरलेला हा जाड कागद ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही. त्यावर शेवाळ धरले तर हातही टिकत नाही. तळ्याचा उतार असा असतो की काठ दोन हातांवर दिसतो, पण पोहोचता येत नाही. वर सरकायचा प्रयत्न केला की माणूस पुन्हा आत घसरतो. चांगला पोहणारासुद्धा यात दमतो. पाणी पाजायला गेलेले लेकरू, हातपाय धुवायला उतरलेला मजूर, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढायला गेलेला शेतकरी असे अनेक जण शेततळ्यात बुडतात, आणि बहुतेक वेळा त्या वेळी शिवारात दुसरे कोणी नसते. उपाय स्वस्त आहे. चारही बाजूंना काठावर खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडायचा, त्याला एखादी हवा भरलेली जुनी ट्यूब बांधायची आणि तळ्याला कुंपण घालायचे. ज्या तळ्यावर लाखभर रुपये खर्च झाले आहेत तिथे काही शे रुपयांचा दोर नसावा, याला कोणतेही समर्थन नाही.

विहिरीत पाणी कमी असतानाही एकट्याने उतरू नये. त्याचे कारण हवा. गाळ कुजून तयार होणारा कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सडक्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. विहिरीत खाली ठेवून चालवलेल्या डिझेल इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइडही तिथेच कोंडतो. गाळ काढायला उतरलेला पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसे जातात. कंदील सोडून पाहण्याची जुनी परीक्षा प्राणवायू कमी असल्याचे दाखवते, विषारी वायू दाखवत नाही. उतरणाऱ्याच्या छातीला दोर आणि वर तो ओढू शकणारी माणसे, एवढी व्यवस्था नसेल तर उतरू नये.

नांदेडची गोदावरी वरून संथ दिसते. तिच्या पात्रात विष्णुपुरीचा जलाशय आहे, खाली धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा आहे, आणि वरच्या बाजूला पैठणचे जायकवाडी. पूर्णेवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणीही नांदेडच्या वरच गोदावरीला मिळते. त्यामुळे नांदेडात आभाळ निरभ्र असताना नदी वाढू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. बंधाऱ्यात पाणी अडलेले असतानाची नदी आणि दरवाजे उघडल्यावरची नदी या दोन वेगळ्या नद्या असतात. काल ज्या दगडावर बसून कोणी आंघोळ केली तो आज कमरेएवढ्या पाण्याखाली असतो.

त्यात वाळूउपशाने पात्रात खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी असलेल्या खड्ड्यात जातो. गढूळ पाण्यात तो खड्डा दिसत नाही आणि त्याची कड वाळूची असल्याने पाय रोवता येत नाही. लातूर जिल्ह्यात मांजरेवर नागझरी, साई अशा ठिकाणी बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्याच्या पायथ्याशी वेगळाच धोका असतो. वरून पडणारे पाणी तळाला जाऊन परत उसळते आणि पृष्ठभागावरून उलटे बंधाऱ्याकडे वाहते. त्यात सापडलेला माणूस किंवा होडी पुन्हापुन्हा धारेखाली ओढली जाते. दोन-तीन फूट उंचीवरून पडणारे, जवळपास खेळकर वाटणारे पाणीही हे करू शकते. किनवट तालुक्यातल्या सहस्रकुंड धबधब्याखाली पैनगंगेच्या डोहात हीच उलथापालथ मोठ्या प्रमाणावर चालते.

श्वास रोखण्याचा खेळ

विहिरीत बुडी मारून तळाची माती मुठीत आणणे हा मुलांचा जुना पैजेचा खेळ. त्यात जिंकण्याची एक युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: बुडी मारण्याआधी जोरजोरात दहा-वीस श्वास घ्यायचे. त्याने खरोखरच जास्त वेळ पाण्याखाली राहता येते. ही युक्ती जीवघेणी का ठरते, ते शरीराच्या एका विचित्र रचनेत दडले आहे.

श्वास घेण्याची तीव्र इच्छा प्राणवायू संपत आल्यामुळे होत नाही. ती रक्तात कर्बवायू साचल्यामुळे होते. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण तो आधीच जवळजवळ पुरेपूर असतो. कमी होतो तो कर्बवायू. म्हणजे पोहणारा प्राणवायूची शिदोरी न वाढवता फक्त धोक्याची घंटा बंद करतो. पाण्याखाली त्याला बरे वाटत राहते आणि श्वास घ्यावासा वाटण्याआधीच मेंदूचा प्राणवायू संपून तो बेशुद्ध होतो. गुदमरणे नाही, धडपड नाही, बुडबुडे नाहीत. काठावरचे सोबती कौतुकाने आकडे मोजत असतात आणि तो तळाशी निपचित असतो.

खोली यात भर घालते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाएवढा वाढतो. १० मीटरवर एकूण दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. दाब वाढलेला असताना फुप्फुसातला थोडा प्राणवायूही रक्तात नीट उतरतो, म्हणून तळाशी शुद्ध टिकते. वर येताना दाब झपाट्याने कमी होतो आणि शेवटच्या काही मीटरांत प्राणवायू एकदम अपुरा पडतो. बेशुद्धी नेमकी तिथे येते, जिथे पोहणाऱ्याला सुटल्यासारखे वाटू लागलेले असते. श्वास रोखून खोल बुडी मारणाऱ्या जगभरच्या खेळाडूंना यासाठी पहिलाच नियम शिकवला जातो: एक खाली, एक वर. दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची नाही, आणि सोबती वर आल्यावरही निदान ३० सेकंद त्याच्यावरून नजर हटवायची नाही.

रशियाच्या नतालिया मोल्चानोवा यांच्या नावावर या खेळातले ४१ जागतिक विक्रम होते. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ त्यांनी इतरांना शिकवताना स्वतःसाठी एक बुडी मारली. खोली त्यांच्या विक्रमांच्या मानाने मामुली होती. त्या वर आल्या नाहीत आणि त्यांचा देहही सापडला नाही. होडीवर माणसे होती, पण पाण्याखाली त्यांच्यासोबत त्या क्षणी कोणी नव्हते. सोबत म्हणजे जवळपास कुठेतरी असणे नव्हे, तर हात पोहोचेल इतके असणे, हे या घटनेतून दिसते.

सूर मारण्याचा धोका थोडक्यात सांगता येतो. डोके खाली करून मारलेला सूर उथळ तळावर किंवा गाळाखालच्या दगडावर आदळला तर मानेचा मणका मोडतो आणि हातपाय जागीच लुळे पडतात. असा माणूस पूर्ण शुद्धीत असून पालथा पडून राहतो, तोंड वळवू शकत नाही. मराठवाड्यातल्या पाण्याची पातळी आठवड्याला बदलते, त्यामुळे मागच्या रविवारी खोल असलेली जागा या रविवारी खोल असेलच असे नाही. अनोळखी किंवा गढूळ पाण्यात पहिली उतरणी पायांनी आणि हळूच करावी.

समुद्र

नदीच्या पाण्याला दिशा एकच असते. समुद्राच्या पाण्याला दिशा, उंची आणि वेग तिन्ही तासातासाला बदलत राहतात, आणि मराठवाड्यातून गेलेल्या पाहुण्याला नेमके हेच अपरिचित असते. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि पाणी जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची, त्या वेळी चढउतार कमी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीचा आकडा पाऊणपट केला म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मुंबईच्या आसपास तो बऱ्यापैकी जुळतो. मालवणकडे भरती थोडी आधी येते. ओहोटीचे पाणी खाडीच्या मुखातून आणि उथळ पुळणीवरून समुद्राकडे ओढत जाते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते एकटे नव्हते, मोठा गट होता. पण पाणी ओळखणारे त्यांच्यात कोणी नसेल तर समुद्रात पूर्ण गटही एकट्या माणसाइतकाच असहाय होतो.

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट पट्ट्यातून ते अरुंद, वेगवान प्रवाहाने आत जाते. याला रिप करंट म्हणतात. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसते, म्हणून नवखा माणूस पोहायला नेमकी तीच जागा निवडतो. प्रवाहाचा वेग क्वचित सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो आणि कोणताही पोहणारा त्याविरुद्ध टिकत नाही. तो माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. त्याच्याशी झगडून दमल्यामुळे माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे किंवा नुसते तरंगत राहून हात हलवावा. लाटांपलीकडे गेल्यावर प्रवाह विरतो. तरंगणाऱ्याला मदत मिळण्यासाठी मात्र किनाऱ्यावर त्याला पाहणारे कोणी लागते.

कायाक, म्हणजे एका माणसाने दुपाती वल्ह्याने चालवायची हलकी अरुंद होडी, आता कोकणात अनेक ठिकाणी भाड्याने मिळते. ती चालवणे सोपे वाटते आणि पहिल्या अर्ध्या तासात ते सोपेच असते. धोका येतो वाऱ्याकडून. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, हे लातूर-नांदेडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने भूगोलात पाठ केलेले असते. सकाळी लवकर एकट्याने निघालेल्या कायाकवाल्यासाठी त्याचा अर्थ असा, की वारा पाठीशी आहे आणि तो त्याला आत नेतो आहे. किनाऱ्याजवळ जमिनीच्या आडोशाने पाणी सपाट दिसते. अर्धा किलोमीटर आत गेल्यावर आडोसा संपतो आणि लाटा सुरू होतात. शांत पाण्यात साधारण वल्हवणारा ताशी पाचेक किलोमीटर जातो. समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा आला तर नवख्याला किनाऱ्याकडे परतणे जवळपास अशक्य होते.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम बे या उपसागरात हेच घडले. आठ शाळकरी मुले, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कायाकमधून निघाले. शिक्षकाची होडी वारंवार उलटू लागली, एक प्रशिक्षक त्याच्याजवळ थांबला आणि उरलेल्यांना जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याने आत लोटले. होड्यांत पाणी भरले, मुले तासन्‌तास थंड पाण्यात राहिली, आणि चौघांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर ब्रिटिश संसदेने १९९५ मध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांच्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. कोकणचे पाणी तितके थंड नाही, पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. कोमट वाटणाऱ्या समुद्रातही काही तासांनी हातपाय कामातून जातात.

उलटलेली कायाक सरळ करून पुन्हा आत बसणे दोन होड्या असतील तर दोन-तीन मिनिटांचे काम आहे: एकाने दुसऱ्याची होडी आडवी धरून पाणी काढायचे आणि ती स्थिर ठेवायची. एकट्याला त्यासाठी खास सराव लागतो, आणि तो सराव न केलेला माणूस प्रत्येक अपयशी प्रयत्नाबरोबर थकत जातो. त्यात होडी हातातून सुटली तर वाऱ्याने ती पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळते. म्हणून होडी सोडायची नाही, वल्हे दोरीने बांधलेले असावे, आणि जीवरक्षक जाकीट पायाशी न ठेवता अंगात घालून बंद केलेले असावे. लाटांमध्ये माणसाचे डोके शेदोनशे मीटरवरूनही दिसेनासे होते. उलटी पडलेली भडक रंगाची होडी त्याहून कितीतरी आधी दिसते.

अनुभवाने हा धोका कमी होतो, संपत नाही. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू मॅकॉले ११ जानेवारी २००७ रोजी टास्मानियाहून न्यूझीलंडकडे एकट्याने कायाकने निघाले. सुमारे महिनाभर खुल्या समुद्रात काढून ते किनाऱ्याच्या टप्प्यात आले होते. ९ फेब्रुवारीला त्यांचा तुटक मदतीचा संदेश रेडिओवर ऐकू आला. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, ते सापडले नाहीत. मुंबईचे कौस्तुभ खाडे यांनी २०१६-१७ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत पश्चिम किनारा कायाकने पार केला, तेव्हा होडीत ते एकटेच होते. पण शांजली शाही किनाऱ्याने सायकलवर त्यांच्यासोबत होत्या. आज ते कुठे उतरणार आहेत हे जमिनीवर कोणाला तरी रोज ठाऊक असे.

पाण्याखाली हवा घेऊन

हवेची टाकी पाठीला लावून बुडी मारणे, म्हणजे स्कूबा, मालवण-तारकर्लीच्या पर्यटनाचा आता मोठा भाग आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकाला काही मीटर खोल नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवतात तेव्हा प्रशिक्षक त्याला धरूनच असतो. तिथेही निम्मा धोका पाण्यावरचा असतो. २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटून दोघांचा मृत्यू झाला. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत हे खेळ बंद ठेवतात, आणि त्या काळात गुपचूप कोणी नेतो म्हणाला तर जाऊ नये.

प्रमाणपत्र घेतलेल्यांनाही शिकवले जाते ते जोडीने जायचे. कारण हिशेबाचे आहे. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे २४०० लिटर. मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला ती पाण्यावर दोन तास पुरेल, २० मीटर खोलीवर तिप्पट दाबामुळे फक्त ४० मिनिटे, आणि घाबरून धापा टाकू लागल्यास त्याच्या निम्मीही नाही. हवा संपली किंवा नळी बिघडली तर सर्वांत जवळची हवा सोबत्याच्या टाकीत असते. तुटून वाहत आलेल्या मासेमारीच्या जाळ्यात पाय अडकला तर पाठीमागची गाठ सोबतीच कापू शकतो. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू लागते. दारू प्यायल्याप्रमाणे निर्णय चुकतात, आणि गुंगलेल्याला आपण गुंगलो आहोत हे कळत नाही. ते दुसऱ्याला कळते.

एकटा घाबरलेला माणूस श्वास रोखून वर झेपावतो, आणि टाकीची हवा घेणाऱ्याने नेमके हेच करायचे नसते. १० मीटरवर भरलेल्या फुप्फुसातली हवा पृष्ठभागावर येताना दुप्पट होते. श्वास रोखला असेल तर दीड मीटर वर येण्यानेही फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात. जास्त वेळ खोल राहून झपाट्याने वर आल्यास रक्तात विरघळलेला नायट्रोजन, सोड्याची बाटली उघडावी तसा, फेसाळून बाहेर येतो; सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्याचे परिणाम होतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे.

घाटावरच्या माणसासाठी याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. विमानात बसण्याआधी एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असा संकेत आहे. तो सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. दिवसभर खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी गाडीने आंबोलीमार्गे लातूरला निघालेला माणूस दोनेक तासांत ती उंची गाठतो. अशा वेळी रात्र किनाऱ्यावर काढणे शहाणपणाचे. रात्री अंग बधिर वाटले, चक्कर आली किंवा सांधे दुखू लागले, तर एकट्याने गाडी चालवणाऱ्याला ते थकव्याचेच वाटते.

एकट्याने बुडी मारण्याचे प्रशिक्षणही जगात आहे. स्कूबा डायव्हिंग इंटरनॅशनल ही संस्था ते देते. त्यासाठी वय २१ पूर्ण आणि १०० बुड्यांचा अनुभव लागतो, आणि मुख्य टाकीपासून स्वतंत्र अशी दुसरी हवेची सोय बाळगावी लागते. म्हणजे तिथेही सोबत्याची जागा रिकामी ठेवलेली नाही. ती यंत्राने आणि सरावाने भरलेली आहे.

एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या खलाशांचेही तसेच. नौदलाचे दिलीप दोंदे हे शिडाच्या होडीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी पाहिलेल्या या स्वप्नासाठी गोव्यात ‘म्हादेई’ बांधली गेली, आणि दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार बंदरांत थांबत जगाभोवती जाऊन आले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा न थांबता केली. सप्टेंबर २०१८ मध्ये एका शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या होडीची डोलकाठी मोडली आणि पाठीला अशी इजा झाली की उठता येईना. त्यांना संदेश पाठवता आला, होडीची जागा ठाऊक होती, भारतीय नौदलाच्या विमानाने ती शोधली आणि तिसऱ्या दिवशी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना उचलले. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर पडलेला तो माणूस, कोणाला न सांगता शेततळ्यावर गेलेल्या माणसापेक्षा कमी एकटा होता.

मागे राहणाऱ्यांचे काम

पाण्यावर जाणाऱ्याने जमिनीवरच्या एका माणसाला चार गोष्टी सांगून जाव्यात: कुठून उतरणार, कुठवर जाणार, किती वाजता परतणार, आणि तोवर परतलो नाही तर कोणाला कळवायचे. समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे; इतरत्र ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन जलरोधक पिशवीत आणि शिट्टी जाकिटाला बांधलेली असावी.

कोणी बुडताना दिसले तर उडी मारणे हा शेवटचा पर्याय. बुडणारा माणूस जे हाती येईल त्यावर चढतो, आणि वाचवायला गेलेलाही त्याच्यासोबत जातो. सख्खे भाऊ, बापलेक, मायलेकी अशा जोड्या याच रीतीने बुडतात. दोर, साडी, फेटा, लांब काठी, हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे तरंगते किंवा पोहोचते ते आधी टाकावे, आणि टाकणाऱ्याने स्वतः आडवे पडून टाकावे. नांदेडच्या घाटांवरचे जीवरक्षक आणि नदीवर वाढलेले भोई यांना आधी हाक मारावी.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून गरगर फिरवणे, घागरीवर पालथे घालणे, पोट दाबून पाणी काढणे या रीती अजून चालतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात, आणि पोटातले पाणी वर येऊन श्वासनलिकेत उतरते. फुप्फुसात हवा पोहोचवणे हे पहिले काम. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला सपाट जागी उताणे झोपवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने सुरुवातीला दोन ते पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यावर ३० वेळा जोराने दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नये. शुद्धीवर येऊन तो बोलू लागला तरी त्याला घरी नेऊ नये. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो, त्यामुळे त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते.